टर्बो मोटारींचा बदली इंजिन-संगणक : यंत्रावरील अधिकाराचा एक इतिहास

१. विषयप्रवेश

मोटारगाडीत डॅशबोर्डाखाली किंवा पायाशी पत्र्याची एक चपटी पेटी बसविलेली असते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला कोणत्या क्षणी किती इंधन द्यावयाचे आणि स्पार्क प्लगने ठिणगी केव्हा पाडावयाची, हे त्या पेटीतील संगणक ठरवितो. इंजिनाकडून येणाऱ्या तारांचा सारा जुडगा एका रुंद कनेक्टरात गोळा होऊन या पेटीस जोडलेला असतो. कारखान्याने दिलेली पेटी काढून ठेवावी आणि तिच्याच जागी, त्याच कनेक्टरात, एकही तार न कापता दुसऱ्या निर्मात्याचा संगणक बसवावा, ही प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका या देशांत रूढ झाली. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत ती विशेष फोफावली. अशा संगणकास प्रस्तुत निबंधात ‘बदली इंजिन-संगणक’ असे म्हटले आहे.

या प्रथेचे कारण सामान्यतः वेगाची हौस एवढेच सांगितले जाते. हौस होती हे खरे; परंतु ती मोटारीइतकीच जुनी आहे. तिने याच काळात नेमके हेच रूप का घेतले, आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांतच हा मार्ग अरुंद का होत गेला, या प्रश्नांची उत्तरे हौसेतून मिळत नाहीत. ती यंत्राच्या रचनेत आणि त्या रचनेस कारण झालेल्या कायद्यांत शोधावी लागतात.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मोटारनिर्मात्यांनी स्वतःच्या जुळणीच्या व दुरुस्तीच्या सोयीसाठी इंजिनाच्या नियंत्रणव्यवस्थेत काही सांधे सुटे ठेवले. स्मृती-चिपची खाच, वायरिंगचा कनेक्टर आणि तपासणीचे तोंड हे ते तीन सांधे होत. गाडीच्या मालकांनी व कारागिरांनी या तिन्ही सांध्यांची क्रमाने दारे केली. त्यांपैकी कनेक्टरचे दार सर्वांत मोठे होते; कारण त्यातून निर्मात्याचा निर्णय समूळ बाहेर काढता येत असे. मात्र त्या निर्णयाबरोबर त्यामागील जबाबदारीही बाहेर पडत असे, आणि ती कोणी उचलावी हा या इतिहासातील खरा वादाचा मुद्दा आहे.

२. टर्बोचार्जरची मूळ अडचण

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचे एकस्व मिळविले. इंजिनातून वाया जाणाऱ्या उष्ण धुराच्या झोताने एक चाक फिरवावे, त्या चाकाने दुसरे चाक फिरवून बाहेरची हवा दाबावी, आणि ती दाबलेली हवा पुन्हा इंजिनात कोंबावी, अशी ही कल्पना आहे. हवा जितकी अधिक, तितके इंधन अधिक जाळता येते. म्हणून लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम घेता येते.

परंतु दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेतील मिश्रण ठिणगीने सुरू झालेल्या ज्योतीची वाट न पाहता सिलिंडरात जागोजागी आपोआप पेट घेऊ लागते. यालाच कारागीर इंजिनाचे ‘नॉकिंग’ म्हणतात. दाब वाढलेल्या इंजिनात ते काही सेकंद जरी चालले, तरी पिस्टन वितळू शकतो किंवा फुटू शकतो. हे टाळण्याचे मुख्य उपाय तीन : मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढवून ज्वलन थंड ठेवणे, ठिणगी उशिरा पाडणे, किंवा दाबच कमी करणे. तिन्ही उपाय योग्य क्षणी आणि योग्य मात्रेत योजावे लागतात.

प्रवासी मोटारींतील आरंभीचा एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने ऑल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर या दोन टर्बो गाड्या विक्रीस आणल्या. जेटफायरमध्ये नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. त्यासाठी वेगळी टाकी होती व ती भरण्याचे काम मालकावर सोपविलेले होते. अनेक मालकांनी ती भरलीच नाही. द्रव संपल्यावर दाबावर मर्यादा येऊन गाडी मंद होई, तक्रारी होत, आणि पुष्कळ गाड्यांचा टर्बोचार्जर शेवटी काढून टाकून त्या जागी साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. इंजिनाच्या सुरक्षिततेचा भार मालकाच्या दक्षतेवर टाकता येत नाही, हा धडा निर्मात्यांनी यातून घेतला. पुढे बीएमडब्ल्यू २००२ टर्बो १९७३ मध्ये आणि पोर्शेची ९११ टर्बो त्याच्या पुढील वर्षी प्रदर्शित झाली. परंतु सामान्य चालकाच्या हाती टर्बो गाडी निर्धास्तपणे देता येण्यासाठी इंजिनाने स्वतःच नॉकिंग ऐकणे आवश्यक होते. ब्यूकच्या १९७८ च्या टर्बो गाड्यांत इंजिनावर नॉकिंग टिपणारा सेन्सर बसवून ठिणगी मागे घेण्याची योजना होती. साब या स्वीडिश निर्मात्याने १९८२ मध्ये त्याच प्रकारच्या सेन्सरच्या आधारे टर्बोचा दाबच कमी-अधिक करणारी व्यवस्था आणली. अशा रीतीने मालकाकडील जबाबदारी हळूहळू पेटीकडे गेली.

३. संगणकाचा प्रवेश

इंजिनात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले ते मुख्यतः टर्बोसाठी नव्हे. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इलेक्ट्रोजेक्टर’ नावाची इंधनफवारणीची यंत्रणा तयार केली. १९५८ च्या क्रायस्लर समूहाच्या मोजक्या गाड्यांत ती बसविली गेली. पण त्या काळचे सुटे भाग उष्णता व ओलावा यांपुढे टिकले नाहीत. तिची एकस्वे जर्मनीतील बॉश कंपनीकडे गेली, आणि बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या अमेरिकेकडे जाणाऱ्या गाड्यांत ‘डी-जेट्रॉनिक’ ही यंत्रणा आणली. नावातील ‘डी’ हे अक्षर ‘ड्रुक’ म्हणजे दाब या जर्मन शब्दाचे आहे. कारण इंजिनाच्या आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजून ही यंत्रणा इंधन ठरवीत असे. फवारणी आणि ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच अंकीय संगणकाकडे सोपविणारी बॉशची ‘मोट्रॉनिक’ १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीतून अवतरली.

या सर्व खटाटोपामागे प्रदूषणविषयक कायदे होते. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. त्या पाळण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे धुरातील तीन घातक घटकांवर एकाच वेळी काम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पण हा कन्व्हर्टर नीट चालण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल (वजनाने) हे प्रमाण फार काटेकोरपणे राखावे लागते. व्होल्व्होने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियासाठी काढलेल्या गाड्यांत धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर बसविला आणि त्याच्या सांगण्यावरून मिश्रण क्षणोक्षणी सुधारण्याची पद्धत रूढ केली. १९८१ च्या वर्षाच्या आपल्या जवळजवळ सर्व अमेरिकी मोटारींत जनरल मोटर्सने संगणक बसविला. इंजिनाच्या नियंत्रणात संगणक येण्यामागील हे कारण ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण पुढे जेव्हा हा संगणक काढून टाकण्याची वेळ आली, तेव्हा धूर राखण्याचे त्याचे मूळ कामही त्याच्याबरोबर निघाले.

संगणकाच्या आतील रचना समजण्यास कठीण नाही. त्यात एक कोष्टक असते. एका अक्षावर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे, दुसऱ्या अक्षावर इंजिनावरील भार, म्हणजे आत शिरणाऱ्या हवेचे मान. प्रत्येक चौकोनात एक अंक, आणि तो अंक म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा याचा हिशोब. ठिणगीच्या वेळेचे असेच दुसरे कोष्टक असते. थंड इंजिन, तापलेली हवा, उतरलेली बॅटरी यांसाठी दुरुस्तीची लहान कोष्टके असतात. हे अंक निर्मात्याच्या अभियंत्यांनी चाचणीमंचावर, बर्फाळ व वाळवंटी प्रदेशांत, महिनोन्महिने प्रयोग करून भरलेले असतात. मालकास ते दिसत नाहीत. ते वाचावे असे कोणी त्यास सांगतही नाही.

४. पहिले दार आणि मध्यस्थ पेटी

जनरल मोटर्सच्या संगणकात कोष्टके असलेली चिप काढता-घालता येईल अशा खाचेत बसविलेली असे. त्यामागे कारखान्याची सोय होती. एकाच घडणीचा संगणक अनेक नमुन्यांच्या गाड्यांत वापरावा, आणि नमुन्यानुसार फक्त चिप बदलावी. १९८० च्या दशकातील ब्यूकच्या टर्बो गाड्यांत, विशेषतः ग्रँड नॅशनल या नमुन्यात, हीच सोय मालकांनी स्वतःकडे वळविली. चिपमधील अंक वाचून घ्यावेत, त्यांपैकी काही बदलावेत, ते नव्या चिपवर उतरवून ती खाचेत बसवावी, असा उद्योग सुरू झाला. अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपमुळे तो स्वस्त झाला.

या मार्गास दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे कोष्टकातील प्रत्येक बदलासाठी गाडी थांबवून नवी चिप लिहावी लागे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत होती : अंक बदलता येत, पण गणित निर्मात्याचेच राही. निर्मात्याने जेवढी हवा मोजण्याची कल्पना केली होती, त्यापलीकडे संगणकास मोजता येत नसे. हवा मोजणारा सेन्सर आपले मान विजेच्या दाबाच्या रूपाने सांगतो, आणि तो दाब बहुधा ५ व्होल्टच्या पुढे जात नाही. मोठा टर्बोचार्जर बसविल्यावर सेन्सर शेवटच्या आकड्यास टेकतो. त्यानंतर हवा वाढली तरी संगणकाला ती कळत नाही. शिवाय दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की कित्येक कारखानी संगणक इंजिन वाचविण्यासाठी इंधन एकदम तोडतात.

जपानमध्ये यावर निराळा उपाय निघाला. तेथील एचकेएस ही १९७३ मध्ये स्थापन झालेली कंपनी व तिच्यासारखे अन्य उत्पादक यांनी सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये बसणाऱ्या लहान पेट्या विकण्यास आरंभ केला. काही पेट्या दाबाचा संकेत एका मर्यादेवर रोखून धरीत, म्हणजे इंधन तुटत नसे. काही पेट्या हवेचे मान खोटे सांगून इंधन कमी-अधिक करवीत. अशा पेटीस ‘मध्यस्थ’ म्हणणे योग्य होईल. कारण ती दोघांच्या मध्ये उभी राहून एकाचा निरोप दुसऱ्यास बदलून देते.

या युक्तीतील दोष सूक्ष्म पण घातक होता. मोठे इंजेक्टर बसविल्यावर इंधन कमी करण्यासाठी मध्यस्थ पेटी संगणकास सांगते की, हवा कमी आहे. संगणक त्यावर विश्वास ठेवून इंधन कमी करतो; पण त्याच माहितीवरून तो ठिणगीचेही कोष्टक पाहतो. भार कमी आहे असे समजून तो ठिणगी अलीकडे ओढतो. प्रत्यक्षात सिलिंडरात दाब भरपूर असतो, आणि अशा वेळी लवकर पडलेली ठिणगी म्हणजे नॉकिंगला आमंत्रण होय. एक असत्य सांगितले असता त्याचे परिणाम दोन ठिकाणी होतात, आणि दुसरे ठिकाण सांगणाऱ्याच्या ताब्यात नसते. अनेक इंजिने अशा रीतीने निकामी झाल्यावर, संगणकास फसविण्यापेक्षा तो बदलणेच बरे, हा विचार बळावणे स्वाभाविक होते.

५. कनेक्टरचे दार

स्वतंत्र संगणक त्यापूर्वीच अस्तित्वात आले होते. ऑस्ट्रेलियातील हॅलटेकने १९८६ पासून आणि मोटेकने १९८७ पासून असे संगणक बनविले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, सुवाह्य संगणक जोडून इंजिन चालू असतानाच कोष्टकातील अंक बदलता येत. परंतु हे संगणक मूलतः शर्यतीसाठी होते. ते बसवावयाचे म्हणजे इंजिनाचे वायरिंग नव्याने ओढावे लागे. हे काम कुशल कारागिराचे व अनेक दिवसांचे असे, आणि एक टाका चुकला तरी गाडी वाटेत बंद पडे. रोज कामावर जाण्यासाठी वापरण्याच्या गाडीत हा खटाटोप करण्यास फार थोडे मालक तयार होते.

कारखान्याचा कनेक्टर जसाच्या तसा वापरण्याची कल्पना या अडचणीतून निघाली. ती वरकरणी साधी वाटते. पण तिच्यासाठी प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र अभ्यास करावा लागे. कनेक्टरातील कोणती पिन कोणत्या कामाची आहे, एवढे कळून भागत नसे. इंजिनाचा दंड कोणत्या कोनात आहे हे सांगण्याची प्रत्येक निर्मात्याची लिपी निराळी. निस्सानच्या आरबी२६ इंजिनात कॅमशाफ्टवर बसविलेल्या चकतीस ३६० बारीक खाचा असून त्यांतून प्रकाश जाऊन कोन मोजला जातो; इतरांकडे दातेरी चाक व चुंबकीय सेन्सर असतो. काही गाड्यांचे इंजेक्टर अल्प रोधाचे, काहींचे अधिक रोधाचे. इंजिन रिकामे फिरत असताना हवा देणारी झडप कुठे पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारी, कुठे विजेच्या ठोक्यांवर उघडझाप करणारी. पंखा, इंधनपंप, वातानुकूलन यंत्र, फेऱ्यांचा काटा, या सर्वांस आपला संगणक बदलला आहे याची जाणीवही होता कामा नये. थोडक्यात, बदली संगणकाच्या निर्मात्यास मूळ निर्मात्याची सारी बोली शिकून घ्यावी लागे, आणि मग त्याच बोलीत स्वतःचे म्हणणे मांडावे लागे.

एवढा खर्च परवडण्यासाठी एकाच नमुन्याच्या पुष्कळ गाड्या असणे आवश्यक होते. त्या जपानने पुरविल्या. स्कायलाइन जीटी-आर १९८९ मध्ये, आरएक्स-७ ची तिसरी पिढी १९९१ मध्ये, लान्सर इव्होल्यूशन आणि इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स १९९२ मध्ये, आणि टर्बो इंजिनाची नवी सुप्रा १९९३ मध्ये बाजारात आली. या गाड्यांची इंजिने त्यांच्या जाहीर शक्तीपेक्षा बरीच अधिक शक्ती सोसू शकत. याचे कारण जपानी निर्मात्यांमधील एक अलिखित समजूत होय. १९८९ पासून २००४ पर्यंत देशातील बाजारात कोणीही २८० अश्वशक्तीहून अधिक शक्ती जाहीर करावयाची नाही, असा तो संकेत होता. ताशी १८० किलोमीटरनंतर वेग रोखण्याची योजनाही त्यांच्या संगणकांत होती. यंत्र बळकट आणि कोष्टक आखडलेले, अशी ही स्थिती. मालकाच्या दृष्टीने पाहता, विकत घेतलेल्या वस्तूचा काही भाग कुलूपबंद होता, आणि त्याची किल्ली कोष्टकात होती.

जपानच्या अपेक्सी कंपनीचा ‘पॉवर एफसी’ हा संगणक या परिस्थितीचे नमुनेदार अपत्य होय. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो स्कायलाइन, आरएक्स-७, इम्प्रेझा, लान्सर इव्होल्यूशन इत्यादी गाड्यांसाठी निरनिराळ्या कनेक्टरांसह मिळू लागला. मुख्य कोष्टक २० गुणिले २० चौकोनांचे होते, आणि हातात मावणाऱ्या एका लहान पडद्यावर त्यातील अंक चालत्या गाडीत पाहता व बदलता येत. जीटी-आरसाठी त्याची एक आवृत्ती अशी होती की, तिच्यात हवा मोजणारे मूळ सेन्सर काढून टाकून दाबाच्या सेन्सरवरून इंधन ठरविले जाई. त्या आवृत्तीस ‘डी-जेट्रो’ असे नाव होते. १९६७ च्या जर्मन यंत्रणेचे अक्षर तीस वर्षांनी जपानी कारागिरांच्या बोलीत असे परत आले.

न्यूझीलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या देशाने मोटारींच्या आयातीवरील बंधने सैल केली आणि जपानमधील वापरलेल्या गाड्या तेथे मोठ्या संख्येने उतरू लागल्या. दोन्ही देशांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने चाक बदलण्याचा प्रश्न नव्हता. परंतु या गाड्या जपानच्या देशी बाजारासाठी घडविलेल्या होत्या. त्यांची कोष्टके जपानी इंधनासाठी होती आणि त्यांविषयीची माहिती जपानी भाषेत होती. क्राइस्टचर्च येथील लिंक कंपनीने अशा गाड्यांसाठी काढलेल्या बदली संगणकांची रीत लक्षणीय आहे. कित्येक नमुन्यांत कंपनी फक्त आतील छापील मंडलफलक देते. मालकाने कारखान्याच्या पेटीचे झाकण उघडावे, जुना फलक काढावा, आणि त्याच पत्र्याच्या पेटीत नवा बसवावा. बाहेरून पाहणाऱ्यास पेटी मूळचीच दिसते.

अमेरिकेत इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स २००२ च्या आणि लान्सर इव्होल्यूशन २००३ च्या नमुनावर्षी विक्रीस आल्या. याच सुमारास कॅलिफोर्नियातील एईएम कंपनीचा कनेक्टरात थेट बसणारा संगणक तेथे लोकप्रिय झाला. याच्या उलट दिशेने, ब्रूस बोलिंग आणि अल् ग्रिपो या दोघांनी २००१ मध्ये ‘मेगास्क्वर्ट’ हा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपात, त्याच्या रचनेच्या साऱ्या माहितीसह उपलब्ध केला. हातात डाखणी घेऊन मालकाने तो स्वतः जोडावा अशी योजना होती. पुढे याच घराण्यातील संगणक माझदा मिआटासारख्या गाड्यांसाठी तयार कनेक्टरासह विकले जाऊ लागले. स्वतः जोडण्याच्या चळवळीलाही अखेर कनेक्टरचाच आश्रय घ्यावा लागला, यावरून त्या सांध्याचे महत्त्व दिसून येते.

६. काय मिळाले आणि काय गेले

बदली संगणकाने मालकास दिलेली मुख्य वस्तू शक्ती असे मानले जाते. पण शक्ती टर्बोचार्जर व इंधन यांनी दिली होती. संगणकाने दिलेली वस्तू म्हणजे दृष्टी. पूर्वी जे अंक केवळ कारखान्याच्या अभियंत्यांस ठाऊक होते, ते आता गॅरेजमधील कारागीर पाहू शकत होता. कोणत्या चौकोनात इंजिन चालले आहे, तेथे धुरातील प्राणवायू काय सांगतो, नॉकिंगचा सेन्सर कुठे हलतो, हे पाहत तो एकेक अंक ठरवी. दाब वाढत असताना मिश्रण १४.७ वरून साधारण ११ ते १२ पर्यंत दाट करावे लागते, ठिणगी किती अंश मागे घ्यावी लागते, हे ज्ञान चाचणीमंचाच्या रोलरांवर उभ्या असलेल्या गाड्यांवरून पसरत गेले. एका पिढीच्या कारागिरांचे हे अनौपचारिक शिक्षणच होते.

गमावलेल्या गोष्टी मात्र डोळ्यांस दिसत नव्हत्या. विक्रेत्याने दिलेले आरंभीचे कोष्टक बहुधा इंजिन सुरू होऊन चालावे एवढ्याचसाठी असे. बाकीचे चौकोन भरणे मालकाच्या कारागिरावर अवलंबून होते. कारागीर ते एका दुपारी, एका हवामानात, एका प्रतीच्या पेट्रोलवर भरी. कारखान्याने ज्या हिवाळ्यात, ज्या घाटात, ज्या हलक्या पेट्रोलवर गाडी तपासली होती, ते सारे त्या दुपारी उपस्थित नसे. नॉकिंग ऐकून स्वतःहून मागे सरण्याची कारखानी व्यवस्था सर्वच आरंभीच्या बदली संगणकांत तितकीच तरबेज नव्हती. आरएक्स-७ च्या फिरत्या इंजिनात याची किंमत विशेष मोठी होती. त्यातील रोटरच्या टोकाची सील-पट्टी जोराच्या नॉकिंगने तडकते आणि इंजिन पूर्ण उघडावे लागते. जेटफायरच्या काळी मालकाकडून काढून घेतलेली जबाबदारी अशा प्रकारे कनेक्टरातून त्याच्याकडे परत आली.

इंजिन फुटले तर तोटा मालकाचा. धूर मात्र मालकापुरता राहत नाही. कायद्याचा प्रवेश येथे होतो.

७. कायद्याची भूमिका

अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात प्रदूषणनियंत्रक भाग निकामी करण्यास मनाई होती ती प्रथम निर्माते व विक्रेते यांना. १९७७ च्या दुरुस्तीने ती दुरुस्तीच्या व्यावसायिकांना, आणि १९९० च्या दुरुस्तीने कोणाही व्यक्तीला लागू झाली. तसेच असे भाग निष्प्रभ करणारी वस्तू विकणेही निषिद्ध ठरले. मनाईचा हा विस्तार मोटारीत संगणक स्थिरावत गेला त्याच काळात झाला. १९९६ च्या नमुनावर्षापासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत ‘ओबीडी-२’ ही स्वनिदान व्यवस्था सक्तीची झाली. तीनुसार संगणकाने कन्व्हर्टर, सेन्सर इत्यादींवर सतत लक्ष ठेवावे आणि बिघाड झाल्यास त्याची नोंद ठरावीक तोंडातून तपासनिसास द्यावी. बदली संगणक बसविला की, ही पहारेकऱ्याची भूमिका सामान्यतः रिकामी पडते. म्हणून अशी बहुतेक उत्पादने केवळ शर्यतीच्या मैदानासाठी, अशी सूचना छापून विकली गेली. ती सूचना किती गाड्यांनी पाळली, हा प्रश्न रस्त्यावरच उघड होता.

बौद्धिक संपदेच्या कायद्याशी या संगणकाचे नाते मात्र निराळे आहे. चिप बदलणारा निर्मात्याच्याच आज्ञावलीची प्रत काढतो; बदली संगणक निर्मात्याचे काहीच उचलत नाही, तो सारेच बाजूस ठेवतो. अमेरिकेच्या १९९८ च्या अंकीय प्रताधिकार कायद्याने आज्ञावलीचे कुलूप तोडण्यास बंदी केली, तेव्हा अडचण पहिल्या व तिसऱ्या दारास झाली, कनेक्टरच्या दारास नाही. ट्रॅक्टरचे व मोटारींचे संगणक दुरुस्तीसाठी उघडण्याची सवलत मागण्यात आली, तेव्हा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ च्या जुलैत चिंता व्यक्त केली की, अशा मुभेने धूर वाढेल. त्याच वर्षी सप्टेंबरात उघडकीस आले की, फोक्सवॅगनने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत चाचणी ओळखून धूर लपविणारी आज्ञावली स्वतःच भरली होती. ऑक्टोबरात दुरुस्ती व कायदेशीर फेरफार यांपुरती सवलत मंजूर झाली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहणे आवश्यक आहे. कोष्टक बंद ठेवले म्हणजे ते जबाबदार हातांत राहते, हे गृहीतक फोक्सवॅगनने खोटे ठरविले. त्याचबरोबर, कोष्टक उघडे केले म्हणजे ते आपोआप जबाबदार होते, असेही म्हणता येत नाही. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार मागील दशकात अमेरिकेतील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतील प्रदूषणनियंत्रण काढून टाकण्यात आले होते. हे काम बदली संगणकांनी नव्हे, तर प्रामुख्याने मूळ संगणकातील आज्ञावली बदलून झाले. तथापि मालकाच्या हाती आलेल्या अधिकाराचा तो वापर होता, हे नाकारता येत नाही.

भारतातील स्थिती तुलनेसाठी उपयुक्त आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करता येत नाही. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत नव्या नमुन्याची तपासणी होते, ती त्याच्या कारखानी कोष्टकासह होते. नोंदणीपत्र मात्र कोष्टकाविषयी काही बोलत नाही. शरीर नोंदलेले आणि निर्णय न नोंदलेला, ही उणीव भारतापुरती मर्यादित नाही. कॅलिफोर्नियाने २०२१ च्या जुलैपासून द्वैवार्षिक धूरतपासणीत संगणकातील आज्ञावली निर्मात्याची अथवा मंजूर आहे काय, हे तपासण्यास आरंभ केला, तो हीच उणीव भरून काढण्यासाठी. त्यासाठी राज्याने वापरलेला सांधा तिसरा, म्हणजे तपासणीचे तोंड होय. ज्या तोंडातून कारागीर आत जात होता, त्याच तोंडातून आता तपासनीस जाऊ लागला.

८. दार अरुंद होते

कनेक्टरचे दार कायद्याने जितके लोटले गेले, त्याहून अधिक ते यंत्राच्या वाढीने लोटले गेले. १९९० च्या गाडीत इंजिनाचा संगणक बराचसा एकटा होता. पुढे गिअरबॉक्स, ब्रेक, चाकाची दिशा, उपकरणांचा फलक, किल्ली ओळखणारी चोरीरोधक व्यवस्था, या प्रत्येकाचा संगणक आला, आणि हे सर्व ‘कॅन’ नावाच्या दोन तारांच्या सामायिक मार्गावरून एकमेकांशी बोलू लागले. बॉशने १९८० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत २००८ च्या नमुनावर्षापासून अमेरिकेत तपासणीच्या तोंडासाठी सक्तीची झाली. या संभाषणातून एक संगणक उठून गेला, की बाकीचे सारे तक्रार करतात. त्यात ॲक्सिलरेटरची तार जाऊन विजेने चालणारी झडप आली, आणि इंधन थेट सिलिंडरात प्रचंड दाबाने सोडणारे इंजेक्टर आले. यांतील चूक म्हणजे केवळ इंजिनाचा नव्हे, तर प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न.

परिणामी बहुतेक नव्या टर्बो गाड्यांत मूळ संगणक जागेवर ठेवून तपासणीच्या तोंडातून त्याचीच कोष्टके पुन्हा लिहिण्याचा मार्ग रूढ झाला. बदली संगणक नाहीसा झाला नाही. जुन्या जपानी गाड्यांसाठी व शर्यतींसाठी तो आजही तयार होतो, आणि काही निर्मात्यांनी कॅनची बोलीही आत्मसात केली आहे. पण रोजच्या गाडीत पेटी बदलून निर्णय बदलण्याचा सुलभ काळ साधारणपणे १९९० ते २००८ एवढाच होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बदली इंजिन-संगणकाचा उदय केवळ हौसेतून झाला नाही. प्रदूषणाच्या कायद्याने इंजिनात संगणक आणला, कारखान्याच्या जुळणीच्या सोयीने त्यास कनेक्टर दिला, आणि बळकट इंजिनांवर आखडते कोष्टक घालण्याच्या जपानी संकेताने तो काढण्याचे प्रयोजन पुरविले. दुसरी, मध्यस्थ पेटीचा अनुभव या इतिहासात निर्णायक आहे. यंत्रास अर्धवट फसविण्यापेक्षा त्याचा निर्णय पूर्णपणे स्वतःकडे घेणे अधिक सुरक्षित, ही जाणीव त्यातून आली. तिसरी गोष्ट अधिक व्यापक आहे. कोष्टकावर कोणाचा हात असावा हा वाद निर्माता आणि मालक या दोघांतील मानला गेला, परंतु त्यात धूर श्वासावाटे घेणारा तिसरा पक्षही नेहमी होता. निर्मात्याने त्याच्याशी प्रतारणा केल्याचे उदाहरण आहे, आणि मालकांनी केल्याचेही आहे. यास्तव कोष्टक कोणाच्या ताब्यात आहे यापेक्षा ते कोणास वाचता येते, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो. बदली संगणकाने कारागिरास ते वाचावयास शिकविले; तपासनिसास आणि नागरिकास ते वाचता येईल अशी व्यवस्था मात्र नुकतीच कोठे आकार घेऊ लागली आहे.